चित्रकथी पोथ्यांचे जतन
चित्रकथी पोथ्यांचे जतन : दक्षिण कोकणातील ठाकर समाजाच्या कथनपरंपरेतील चित्रसंचांची संग्रहालयांत व मूळ गावी होणारी निगा. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळचे पिंगुळी हे या परंपरेचे आजचे मुख्य ठिकाण. सुटी चित्रे एकामागून एक समोर धरून रामायण-महाभारतातील आख्याने वीणा, हुडूक (एक लहान चर्मवाद्य) व टाळ यांच्या साथीने गाऊन सांगतात. एका आख्यानाच्या चित्रसंचाला ‘पोथी’ म्हणतात. ती शिवलेली नसते. जतनाच्या बहुतेक अडचणी येथूनच सुरू होतात.

नाव व उगम : संग्रहालयांच्या नोंदींत ही चित्रे दीर्घकाळ ‘पैठण चित्रे’ म्हणून आली आहेत. पैठण परिसरात काही संच मिळाल्याने हे नाव रूढ झाले, असे मानतात. पिंगुळीच्या पोथ्या अभ्यासकांसमोर आल्यावर ते अपुरे ठरले. वस्तू कोठे मिळाली आणि कोठे घडली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नोंदवहीत त्यांसाठी एकच रकाना असला की चूक पक्की होते. म्हणून ‘चित्रकथी’ हे कलाकारांचे स्वतःचे नाव मुख्य ठेवून ‘पैठण’ ही जुनी नोंद कंसात देणे अधिक न्याय्य होय.

शैलीचा उगमही वादग्रस्त आहे. बाजूने दिसणारे चेहरे, टपोरे डोळे, टोकदार नाक आणि ठसठशीत बाह्यरेषा यांमुळे कर्नाटक-आंध्रातील चामड्याच्या छायाबाहुल्यांशी साम्य जाणवते. पिंगुळीचे ठाकर छायाबाहुल्यांचा खेळही करीत असल्याने चित्रे बाहुल्यांवरून निघाली, असे एक मत आहे. दोहोंमागे दख्खनची एकच जुनी चित्रपरंपरा असावी, हे दुसरे मत अधिक संभाव्य वाटते. चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात येतो. मात्र उपलब्ध चित्रे साधारणपणे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील मानली जातात. त्यामागे नेण्यास आधार तोकडा आहे. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय या कलेला लाभला होता.

संग्रहालयातील निगा : पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील संच महत्त्वाचा. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दि. गं. केळकर (१८९६–१९९०) यांनी तो जमविला. दोन चित्रांचे कागद पाठीला पाठ लावून चिकटविण्याची रीत असल्याने एका पानाला दोन दर्शनी बाजू असतात. भिंतीवर चौकटीत लावले की एक बाजू कायमची झाकली जाते. दोन्ही बाजू मोकळ्या करायच्या तर चिकटविलेले थर सोडवावे लागतात, आणि त्यात रंग उखडण्याचा धोका असतो. आम्लरहित पुठ्ठ्यात खिडकीसारखी चौकट कापून तीत पान आडवे ठेवणे हाच सुरक्षित मार्ग. प्रकाश सुमारे ५० लक्सपर्यंत (लक्स हे प्रकाशमानाचे एकक) व सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवतात. कागद चिकटविण्याच्या पिठाच्या खळीकडे कसर धाव घेते, म्हणून पेट्यांची तपासणी पावसाळ्यात वाढवावी लागते.

पानाच्या खालच्या कडेला, बोटे टेकत तेथे, कागद काळपट व गुळगुळीत झालेला आढळतो. तो मळ नव्हे, प्रयोगांची खूण आहे. स्वच्छतेच्या उत्साहात ती पुसणे हे नुकसानच.

क्रमाचा प्रश्न आणखी बिकट. पाने सुटी विकली गेली की आख्यान तुटते. कोणत्या चित्रानंतर कोणते आणि त्यावर कोणते पद, हे गाणाऱ्याच्या स्मरणात असते. त्यामुळे पोथीची सूची करताना कथकाला शेजारी बसवून प्रत्येक पानासोबत गायन ध्वनिमुद्रित करणे आवश्यक ठरते.

पिंगुळीतील जतन : परशुराम गंगावणे (पद्मश्री, २०२१) यांनी आपल्या घरच्या गोठ्यात ‘ठाकर आदिवासी कला अंगण’ हे संग्रहालय उभे केले. कोकणच्या पावसात दमट हवेपासून कागद सांभाळणे येथे पुण्यापेक्षा कितीतरी अवघड. पण येथे पोथी हाती घेणारा ती गाऊनही दाखवितो, आणि पान पालटले की मागची बाजू आपोआप समोर येते.