घरपट्टी, टॅक्सी आणि मतपत्रिका: कॅलिफोर्नियातल्या सार्वमताची पार्श्वभूमी

३ नोव्हेंबर २०२० रोजी कॅलिफोर्नियाच्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांसोबत १२ प्रस्तावही होते. प्रत्येकावर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगायचं. त्यातले बरेचसे प्रस्ताव विधिमंडळाकडून नव्हे, तर सह्यांच्या मोहिमेतून आले होते.

या प्रथेच्या मुळाशी एक रेल्वे कंपनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राज्याची राजधानी सॅक्रामेंटोतलं राजकारण सदर्न पॅसिफिकच्या मुठीत होतं. तिला हटवण्याचं आश्वासन देऊन हायरम जॉन्सन १९१० मध्ये गव्हर्नरपदी निवडून आले. १० ऑक्टोबर १९११ च्या मतदानाने राज्यघटना बदलली आणि आमदारांना वळसा घालून कायदा करण्याचा हक्क लोकांना मिळाला. (स्त्रियांना मताधिकारही त्याच दिवशी मिळाला, तोही जेमतेम साडेतीन हजार मतांनी.)

या हक्काची खरी ताकद दिसली ती जून १९७८ मध्ये. जमिनींचे भाव भडकले, त्यामागोमाग घरपट्टी वाढली आणि पेन्शनवर जगणाऱ्यांना स्वतःचंच घर परवडेना. हॉवर्ड जार्व्हिस आणि पॉल गॅन यांनी सह्या जमवून प्रस्ताव १३ आणला: घरपट्टी किमतीच्या एक टक्क्यापर्यंतच, मूल्यांकन १९७५ च्या पातळीवर आणि घर विकलं जाईपर्यंत त्यात वर्षाला फार तर दोन टक्के वाढ. गव्हर्नर जेरी ब्राऊन यांचा विरोध होता, तरी जवळपास ६५ टक्के मतदार ‘हो’ म्हणाले. लोकांची अडचण खरी होती, पण किंमत शाळांनी आणि काउंट्यांनी (म्हणजे जिल्ह्यांच्या प्रशासनांनी) मोजली. घरपट्टीचं निम्म्याहून अधिक उत्पन्न बुडालं. आज फ्रीमाँट किंवा सनीव्हेलमध्ये नवं घर घेणारं मराठी कुटुंब शेजारच्या जुन्या मालकाच्या कितीतरी पट घरपट्टी भरतं, ती यामुळेच.

तीच सवलत दुकानं, कार्यालयं आणि कारखान्यांनाही मिळत राहिली, आणि मला हा सरळ अन्याय वाटतो. मोठ्या व्यापारी मालमत्तांची सवलत काढून घेण्यासाठी २०२० मध्ये प्रस्ताव १५ आला. तो सुमारे ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी पडला.

त्याच मतपत्रिकेवर प्रस्ताव २२ होता. ॲपवरून काम करणाऱ्या चालकांना कर्मचारी न मानता स्वतंत्र कंत्राटदार ठरवणारा. उबर, लिफ्ट, डोअरडॅश वगैरे कंपन्यांनी त्यासाठी २० कोटी डॉलरांहून अधिक ओतले आणि तो सुमारे ५९ टक्के मतांनी मंजूर झाला. पुढे दुरुस्ती करायची तर विधिमंडळात सात-अष्टमांश बहुमत हवं, अशी अटही मसुद्यातच होती. ज्या अधिकाराने १९११ मध्ये एका कंपनीला वेसण घातली, तोच या कंपन्यांनी पैसे मोजून वापरला. जुलै २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो कायदा वैध ठरवला.