एकरकमी पैशासाठी पैज

शनिवारी इंग्लिश प्रीमियर लीगचे सामने सुरू झाले की युगांडाच्या राजधानीत, कंपालात, बोडाबोडावाले म्हणजे मोटारसायकलवरून प्रवासी नेणारे तरुण पैजेचं कूपन खिशात घालून टीव्हीसमोर जमतात. कायद्याने तिथं जुगाराला वयाची 25 वर्षं पूर्ण असावी लागतात, पण ते कायद्यात.

एका कूपनावर अनेकदा बरेच सामने जोडलेले असतात, आणि एकही अंदाज चुकला की सगळे पैसे जातात. समजा दहा आहेत, प्रत्येक अंदाज खरा ठरण्याची शक्यता निम्मी आणि कंपनीचा भाव 1.9 पट, म्हणजे जिंकलात तर लावलेल्या पैशाच्या 1.9 पट परत. दहाही बरोबर येण्याची शक्यता 1,024 मध्ये एक. दहाही भाव एकमेकांना गुणले, तरी पैसे मात्र मिळणार साधारण 613 पट. एका सामन्यावर कंपनीला शंभरातले सरासरी पाच सुटतात, दहांच्या साखळीत चाळीस! तरीही अशी कूपनं का खपतात?

लोभ किंवा अडाणीपणा हे उत्तर मला फार सोपं वाटतं. अर्थतज्ज्ञ सिल्व्हन हर्स्कोविट्झ यांनी कंपालातल्या पैज लावणाऱ्या पुरुषांचा अभ्यास केला. तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. दुकानात भरायचा माल किंवा स्वतःची मोटारसायकल थोडी थोडी घेता येत नाही, रक्कम एकदम लागते. कर्ज सहजी मिळत नाही. रोजच्या कमाईतून बाजूला काढलेलं घरात टिकत नाही. आज कुणाची फी, उद्या कुणाचं आजारपण, आणि नातेवाइकांना नाही कसं म्हणायचं? अशा वेळी मोठी रक्कम हाती येण्याची एक वाट म्हणून माणूस पैजेकडे पाहतो. जिंकलेले पैसे मोठ्या खर्चाकडे वळतात, असंही या अभ्यासात दिसलं.

प्रयोग तर साधाच होता. काही जणांना, निवड नशिबावर सोडून, बचतीची पेटी दिली. पेटी मिळालेल्यांची पैजेची ओढ इतरांपेक्षा घटली. फुटबॉलचं वेड, दोस्तांची चढाओढ, जाहिराती, सगळं होतं तसंच होतं.

(आपल्याकडे भिशी हेच काम करते. तिथं नंबर उशिरा लागेल, पण लागतो.)

अर्थात व्यसन जडलेल्याला पेटी पुरणार नाही. भारतात ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला. पुण्या-मुंबईतल्या पगारदार मुलाच्या फोनमध्ये आवर्ती ठेवीची सोय असते. तो तरीही पैज लावत असेल, तर कंपालातलं स्पष्टीकरण त्याला अपुरं आहे. रोजच्या कमाईवर जगणाऱ्या डिलिव्हरीवाल्याला मात्र ते बरंचसं लागू पडावं.