मृत्युपत्रात एकच शिलिंग, म्हणून मुलगा बेदखल?

जुन्या इंग्रज व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रात थोरल्याच्या वाट्याला एकच शिलिंग दिसला की वंशावळीत ‘बापाने मुलाला बेदखल केले’ अशी नोंद होते. बापलेकांवर हा अन्याय आहे. थोरल्याला जमीन बहुधा वारसाहक्काने किंवा लग्नाच्या करारानेच मिळे. मुलींना हुंडा, धाकट्यांना धंद्याचे भांडवल अनेकदा हयातीतच दिलेले असे. शिलिंग लिहायचा तो पुढे कोणी ‘नाव राहून गेले’ म्हणून भांडू नये यासाठी.

लंडनचा नागरिक असलेल्या व्यापाऱ्याला तर 1725 पर्यंत जंगम मालमत्ता मनाजोगी वाटताच येत नसे. बायको-मुले मागे असली तर तिसरा हिस्सा विधवेचा, तिसरा मुलांचा. मृत्युपत्राने द्यायचा तो उरलेलाच. त्यातल्या रकमांची बेरीज म्हणजे एकूण इस्टेट नव्हे.

शोध कँटरबरीच्या प्रेरोगेटिव्ह कोर्टापासून, म्हणजे मृत्युपत्रे शाबीत करणाऱ्या चर्चच्या न्यायालयापासून, सुरू करा. 1384 ते 1858 च्या नोंदवह्या ब्रिटनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये ‘प्रॉब 11’ मालिकेत आहेत. इंग्लंडमध्ये मालमत्ता ठेवून सुरतेत वारलेले ईस्ट इंडिया कंपनीचे व्यापारीही तिथेच शोधावेत. जून 1660 चे मृत्युपत्र फेब्रुवारी 1660 मध्ये शाबीत झालेले दिसले तर नोंद खोटी ठरवू नका: 1752 पूर्वी तिथे वर्ष 25 मार्चला बदले, म्हणून तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने 1661 चा.