उजनी जलाशय आणि भीमेतले मासे

सोलापूर जिल्ह्यात मासा म्हटलं की उजनी. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं, जलाशयाला यशवंतसागर म्हणतात, साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखालचं पाणी. मासे संपलेत असं नाही, बाजारात ढीग लागतात, पण त्यात चिलापीच (तिलापिया मासा) जास्त, आणि खरी चिंता तीच आहे.

कारण वर पुण्याकडं आहे. पुणे, पिंपरी चिंचवडचं सांडपाणी पवना, इंद्रायणी, मुळा-मुठेतून भीमेत येतं आणि उजनीत येऊन थांबतं, त्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस म्हणजे शेवाळाला फुकटचं खत, मग उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं, वास मारतं, जलपर्णी पसरते. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं पण रात्री स्वतःच वापरतं, त्यात गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो, म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं, म्हणजे वापराचा साठा संपून मृतसाठ्यातलंही बरंच पाणी गेलं होतं, अशा वेळी तीच घाण कमी पाण्यात दाटते. नदीत साखर कारखान्यांच्या मळीचं पाणी सुटलं तर ऑक्सिजन आणखी झपाट्यानं संपतो आणि मेलेल्या माशांचा खच पडतो.

चिलापी हे सगळं सोसते. हा आफ्रिकेतला मासा भारतात १९५२ साली आणला, कमी ऑक्सिजन त्याला चालतो, मादी अंडी तोंडात सांभाळते, पुराची गरजच नाही. रोहू, कटला, मृगळचं तसं नाही, त्यांना अंडी घालायला पावसाळ्याचं वाहतं पाणी लागतं, म्हणून धरणात त्यांचं बीज सोडत राहावं लागतं.

धरणाखाली हाल वेगळे. आवर्तन (धरणातून ठरावीक वेळी सोडलेलं पाणी) सुटलं की नदी, बंद झालं की डबकी, त्यात बंधारे, मग चढणीचे मासे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध जाणारे, वर जाणार कुठून? वाळू उपशानं तळच खरवडला जातो, आणि वाळू-खडीत अंडी घालणाऱ्या माशांची जागाच जाते, याकडं फार कमी लक्ष जातं. शहरातल्या संभाजी तलावालाही (जुना कंबर तलाव) जलपर्णीचं दुखणं आहेच.

बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यांचं नुकसान मात्र थेट आपल्या हातचं आहे. बोटाएवढी पिल्लं त्यात निघतात, सुकवून किंवा खाद्याला स्वस्तात जातात, आणि तोच रोहू वर्षभर राहिला असता तर किलोभर भरला असता.