एका वहीवर दोन दिवाणजी

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या अण्णांनी २००७ साली कारखान्याच्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर घेतला. कारखाना म्हणजे आठ यंत्रमागांची शेड, आणि ऑफिस म्हणजे तिच्याच कोपऱ्यात काच लावून केलेली खोली. जुन्या कॉम्प्युटरात एक प्रोसेसर होता, नव्यात एकाच चिपवर दोन. आठवड्याभरात मला फोन आला. "काय करलालास बे? ये जरा इकडं. दोन डोक्याचा घेतला, तर दोन्ही डोकी एकदमच झोपतेत."

तक्रार अशी होती. मुलीच्या लग्नाची व्हिडिओ सीडी लावली की कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास नीट चालायची आणि मग चित्र गोठायचं. माऊस हलायचा नाही, आणि स्पीकरमधून शेवटच्या क्षणाचा आवाज 'टर्रर्र' करत अडकून राहायचा. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याने आधी सीडीला दोष दिला, मग रॅम बदलली, मग ग्राफिक्स कार्ड नवं घ्या म्हणाला. तिथं अण्णांनी हात आखडला.

सीडी निर्दोष आहे हे पहिल्याच दुपारी कळलं. ओरखडा असता तर गाडी दरवेळी त्याच जागी अडली असती. ही एकदा मंगलाष्टकात अडली, एकदा पंगतीत, आणि तिसऱ्या खेपेला थेट पाठवणीपर्यंत निर्विघ्न पोचली. जागा बदलणारा बिघाड दिसला की वस्तू बदलत बसू नये. तिथं बहुतेक वेळा दोन कामांच्या वेळा एकमेकांत अडकत असतात.

व्हिडिओ हा मुळातच वेळेचा खेळ. आपल्याकडच्या टीव्हीच्या 'पाल' पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे प्रत्येक चित्राच्या वाट्याला ४० मिलिसेकंद. पण हे ४० मिलिसेकंद मोजतो कोण? बहुतेक प्लेअर आवाजाच्या घड्याळावर चालतात. एखादं चित्र गळलं तर डोळा माफ करतो, आवाजात बारीक खंड पडला तरी कान लगेच टोचतो. म्हणून आवाज पुढं चालतो आणि चित्र त्याच्या मागं पावलं टाकत जातं. साहजिकच आवाजाचा गाडा थांबला की चित्रही थांबतं, आणि चित्र थांबलं म्हणून लोक ग्राफिक्स कार्डाला धरतात.

त्या 'टर्रर्र'मध्येच खरी खूण होती. साउंड कार्ड मेमरीतल्या एका छोट्या तुकड्यातून आवाज स्वतःच उचलत असतं. तुकडा संपला की पुन्हा पहिल्यापासून, गोल गोल. प्रोसेसरने त्याच्या पुढं पुढं राहून नवा आवाज भरत जायचा. भरणारा अडकला तर कार्डाला त्याचा पत्ताच नसतो, ते तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत बसतं. म्हणजे कार्ड जिवंत होतं, प्रोसेसर अडकला होता. आणि माऊससुद्धा मेला होता, म्हणजे तो नुसत्या प्लेअरमध्ये अडकलेला नव्हता. त्याच्या खालच्या मजल्यावर, ड्रायव्हरमध्ये अडकला होता.

ड्रायव्हर म्हणजे प्रत्येक यंत्राचा दुभाष्या. साधा प्रोग्राम बिघडला तर विंडोज त्याला बाहेर काढून पुढं जाते. हा दुभाष्या मात्र विंडोजच्या गाभाऱ्यात वावरतो. तो अडला की देवळाचंच दार बंद.

मी अण्णांना विचारलं, साउंड कार्ड कुठलं? ते म्हणाले, "जुन्यातलं काढून ह्यात बसवलंय. त्याचा आवाज लई गोड." ड्रायव्हरची सीडीही जुनीच होती, घरोघरी एकच प्रोसेसर असायचा त्या काळातली.

आता एका प्रोसेसरच्या काळातला ड्रायव्हर कसा लिहीत, ते बघा. कार्डाला नवा आवाज हवा झाला की ते प्रोसेसरला हाक मारतं. ह्या हाकेला इंटरप्ट म्हणतात. हातातलं काम टाकून प्रोसेसर तिकडं धावतो. पण समजा तो त्याच वेळी कार्डाच्या हिशेबात काही लिहीत होता, आणि अर्ध्यातच उठावं लागलं? हिशेब बिघडणार. म्हणून लिहिण्याआधी इंटरप्ट बंद करायचे, लिहून झालं की चालू करायचे. दिवाणजीने ऑफिसचं दार लावून खतावणी लिहावी, तसं. दार लावलं की आत दुसरं कोणी नाही, आणि प्रोसेसर एकच असेल तोवर ही युक्ती अगदी चोख चालते.

अण्णांच्या नव्या कॉम्प्युटरात दुसरा दिवाणजी आधीच आत बसलेला होता! एका प्रोसेसरने स्वतःचे इंटरप्ट बंद केले तरी दुसऱ्याच्या हातातली लेखणी थांबत नाही. वहीत ५०० शिल्लक आहे. दोघांनीही ५०० वाचले. एकाने २०० मिळवून ७०० लिहिले, दुसऱ्याने ३०० मिळवून त्यावर ८०० लिहिले. हवे होते १०००. चोरी कुणी केली नाही, तरी २०० गेले. ड्रायव्हरच्या वहीत असं झालं की "तुकडा भरायचा बाकी आहे" ही नोंदच पुसली जाते, आणि कुणीतरी कधीच न येणाऱ्या गोष्टीची वाट बघत राहतं.

ह्यावर इलाज म्हणजे वहीला कुलूप. ज्याच्या हातात किल्ली, त्यानेच लिहायचं. एडस्गर डाइक्स्ट्रा ह्या डच शास्त्रज्ञाने एका वेळी एकानेच आत जायचं हा प्रश्न १९६५ सालीच नीट मांडून सोडवला होता. पण कुलपांचंही दुखणं असतं. एकाकडे वहीची किल्ली आहे आणि त्याला तिजोरीची हवी, दुसऱ्याकडे तिजोरीची आहे आणि त्याला वहीची. दोघंही हातातली सोडत नाहीत. सात रस्ता चौकात सिग्नल बंद पडल्यावर जे होतं तेच इथं. शिवाय गाभाऱ्यातला प्रोसेसर किल्लीसाठी थांबतो तेव्हा अनेकदा झोपत नाही, "मिळाली का? मिळाली का?" असं सेकंदाला लाखो वेळा विचारत राहतो. पडदा गोठलेला आणि पंखा मात्र जोरात फिरतोय, असं दिसतं ते ह्यामुळंही असू शकतं. विंडोजसारखीच दुसरी प्रणाली म्हणजे लिनक्स. लिनक्सवाल्यांनी १९९६ साली सगळ्या गाभाऱ्याला मिळून एकच मोठं कुलूप लावून काम सुरू केलं, आणि ते काढून बारीक बारीक कुलपं लावता लावता २०११ उजाडलं. काम किती किचकट आहे, ते ह्यावरून समजावं.

मग रोज का गोठत नाही? दोघांची लेखणी नेमकी एकाच क्षणी टेकायला हवी, आणि तो क्षण मायक्रोसेकंदांचा असतो. पण कार्डाने दर १० मिलिसेकंदांनी हाक मारली असं धरलं, तरी तासाला ३,६०,००० हाका होतात. इतक्या वेळा फासा टाकल्यावर कधीतरी नको ते दान पडणारच.

तर्क पुरेसा नव्हता, ताळा करायला हवा होता. टास्क मॅनेजरमधून प्लेअरला एकाच प्रोसेसरवर बांधता येतं, ते आधी केलं. तरी गोठलं. हे रास्तच होतं, कारण त्याने प्लेअर बांधला जातो, ड्रायव्हरचे इंटरप्ट नाहीत. मग बूट फाइलमध्ये बदल करून अख्खं विंडोजच एका प्रोसेसरवर सुरू केलं. लग्न दोनदा लागलं, एकदाही अडलं नाही. मग दोन्ही प्रोसेसर चालू ठेवून फक्त साउंड कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून बंद केलं. मुक्याने का होईना, लग्न पुन्हा पार पडलं. ग्राफिक्स कार्ड सुटलं, अण्णांचे पैसे वाचले.

त्याच काळात दोन प्रोसेसरचं आणखी एक दुखणं गाजत होतं, घड्याळाचं. चिपवरच्या प्रत्येक प्रोसेसरात ठोके मोजणारा स्वतःचा आकडा असतो. वीज वाचवायला एक प्रोसेसर मंदावला की दोन्ही आकड्यांत फरक पडायचा. प्रोग्राम एका प्रोसेसरवरून दुसऱ्यावर गेला की त्याला वेळ उलटी गेल्यासारखी वाटायची, आणि व्हिडिओ अडखळायचा किंवा धावत सुटायचा. प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडी कंपनीने आपल्या अ‍ॅथलॉन ६४ एक्स२ ह्या दोन डोक्यांच्या चिपसाठी ते आकडे जुळवणारा खास प्रोग्राम काढला होता. दुसरा उपाय म्हणजे मदरबोर्डावरचं सामाईक घड्याळ वापरणं. ते सेकंदाला ३५,७९,५४५ ठोके देतं. हा विचित्र आकडा आला कुठून? अमेरिकेच्या १९५३ सालच्या रंगीत टीव्हीच्या रंगलहरीतून! त्या टीव्हीचे स्फटिक स्वस्त मिळत, म्हणून पहिल्या पीसीत त्याच्या चौपट कंपनांचा स्फटिक बसला, आणि तो वारसा पुढं चालत राहिला. कॉम्प्युटरवरचा अडलेला व्हिडिओ पन्नास वर्षांपूर्वीच्या टीव्हीच्या ठोक्यावर सुरळीत व्हावा, ह्याची मला अजून गंमत वाटते.

आता प्रोसेसर शहाणे झालेत, पण दिवाणजी दोनाचे आठ-सोळा झालेत. विंडोज व्हिस्टापासून ग्राफिक्स ड्रायव्हर २ सेकंद गप्प राहिला तर विंडोज त्याला स्वतःच उठवते. पडदा क्षणभर काळा होऊन परत आला तर तेच झालेलं असतं. बाकीच्या बहुतेक ड्रायव्हरना असं उठवणारं कोणी नाही. म्हणून आवाजासकट सगळंच तुटक व्हायला लागलं, तर हार्डडिस्कवरची फाइल लावून वायफाय बंद करून बघा. वायफायचा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसणं ही आजची नेहमीची भानगड आहे, आणि कोण किती वेळ अडवतोय ते लेटन्सीमॉन हे टूल नावानिशी दाखवतं. फक्त ब्राउझरमध्येच अडत असेल तर त्याचं ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन बंद करून बघा. एका प्रोसेसरचा ताळा करायचा तर विंडोजच्या एमएसकॉन्फिग ह्या टूलमध्ये बूटखाली प्रोसेसरच्या संख्येवर खूण करून ती १ करता येते. काम झाल्यावर ती खूण काढायला विसरू नका. महिनाभर एकाच प्रोसेसरवर रांगणारे आणि "नवा घेऊनही स्लोच" म्हणणारे मी पाहिलेत.

अण्णांच्या कार्डाला नवा ड्रायव्हर मिळाला नाही. कंपनीने ते मॉडेलच सोडून दिलं होतं. शेवटी स्पीकरची पिन मदरबोर्डाच्या आवाजाला जोडली. "पहिल्यासारखा गोडवा नाही," असं अण्णा दोन दिवस म्हणत राहिले. मग त्यांनी कार्ड टॉवेलात गुंडाळलं, शेडमध्ये नेऊन जुन्या एका डोक्याच्या कॉम्प्युटरात परत बसवलं आणि कामगारांसाठी गाणी लावली. तिथं ते दिवसभर एकदाही न अडता वाजतं, असं अण्णा सांगतात. मीही दोनदा जाऊन उभा राहिलो. आठ मागांच्या खडखडाटात मला काहीच ऐकू आलं नाही.