मौखिक इतिहास, विज्ञानाचा

एखादा वैज्ञानिक शोध प्रत्यक्षात कसा लागला, हे तो लावणाऱ्यांशी किंवा त्या वेळी प्रयोगशाळेत असलेल्यांशी पद्धतशीर बोलून नोंदवून ठेवणारी अभ्यासशाखा. संभाषण ध्वनिमुद्रित करायचे, त्याचे शब्दांकन करायचे, बोलणाऱ्याला ते दाखवून दुरुस्त्या घ्यायच्या आणि मग पत्रे, टिपणवह्या व शोधनिबंध यांच्याशी ते ताडून पाहायचे, असा या कामाचा क्रम असतो. वर्तमानपत्रातली मुलाखत आणि ही मुलाखत यांत फरक पडतो तो मुख्यतः या शेवटच्या टप्प्यामुळे. ओव्या, पोवाडे यांच्या मौखिक परंपरेशी या संज्ञेची गल्लत होते. तेथे पिढ्यानपिढ्या चालत आलेले सांगितले जाते, येथे सांगणाऱ्याने स्वतः केलेले किंवा पाहिलेले.

अशा नोंदींची गरज भासते, कारण शोधनिबंधातून शोधाची वाट पुसली गेलेली असते. फसलेले प्रयोग, मध्येच सोडलेली गणिते, शेजारच्या खोलीतल्या माणसाने सहज विचारलेला प्रश्न यांना निबंधात जागा नसते. निबंधाची मांडणी विचारांचा खरा क्रम झाकते, असा आक्षेप जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९६३ मध्ये बीबीसीवरील एका भाषणात घेतला होता. तो बराच गाजला.

या शाखेचा आरंभ कुठे धरावा याविषयी एकमत नाही. फ्रान्सिस गॉल्टन यांनी रॉयल सोसायटीच्या सदस्यांना लांबलचक प्रश्नावल्या पाठवून १८७४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही जण तेथून सुरुवात करतात. पण गॉल्टन यांचे लक्ष शोधापेक्षा आनुवंशिकतेकडे होते, आणि लेखी उत्तराला उलटप्रश्न विचारता येत नाही. गणिती झाक आदामार यांनी १९४५ च्या सुमारास गणितज्ञांच्या विचारपद्धतीविषयी माहिती गोळा केली. त्यांना पाठवलेल्या उत्तरात आइन्स्टाइन यांनी म्हटले होते की आपल्या विचारात शब्दांना फारसे स्थान नसते; दृश्य प्रतिमा आणि काही वेळा स्नायूंच्या संवेदना यांतून विचार चालतो. ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ मध्ये कोलंबिया विद्यापीठात मौखिक इतिहासाचे काम संस्थात्मक पातळीवर उभे केले, परंतु त्यांचा भर राजकारण व सार्वजनिक जीवनावर होता. विज्ञानापुरते बोलायचे तर १९६१ चा पुंजभौतिकीचा (क्वांटम भौतिकीचा) प्रकल्प हाच खरा आरंभ मानणे सोयीचे वाटते.

हा प्रकल्प अमेरिकन फिजिकल सोसायटी आणि अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटी यांच्या संयुक्त समितीने हाती घेतला. समितीचे अध्यक्ष जॉन व्हीलर होते, तर संचालक म्हणून विज्ञानाचे इतिहासकार टॉमस कून यांना नेमले गेले. जॉन हाइलब्रन आणि पॉल फोरमन हे त्यांचे तरुण सहकारी. घाई करण्याचे कारण उघड होते. फेर्मी १९५४ मध्ये, आइन्स्टाइन १९५५ मध्ये, पाउली १९५८ मध्ये गेले होते. काम सुरू होता होता, जानेवारी १९६१ मध्ये, श्रोडिंगरही गेले. १९६४ पर्यंत सुमारे शंभर जणांच्या मुलाखती झाल्या आणि पत्रव्यवहाराच्या सूक्ष्मपटांसह (मायक्रोफिल्म) त्या फिलाडेल्फिया, बर्कली व कोपनहेगन येथे ठेवण्यात आल्या. मुलाखत घेणारे कून स्वतः भौतिकीत पीएच. डी. झालेले होते, आणि काही वेळा सोबतीला नात्यातलेही माणूस असे. १९६२ मध्ये डिरॅक यांना बोलते करताना यूजीन विग्नर हजर होते. ते डिरॅक यांचे मेहुणे.

अणूची प्रतिकृती मांडणारे डॅनिश भौतिकीविद नील्स बोर यांच्याशी कोपनहेगनमध्ये ३१ ऑक्टोबर ते १७ नोव्हेंबर १९६२ या काळात पाच बैठका झाल्या. शेवटची बैठक शनिवारी झाली. त्याच संध्याकाळी बोर यांनी अभ्यासिकेतल्या फळ्यावर आइन्स्टाइन यांच्याशी झालेल्या जुन्या वादातली प्रकाशाची पेटी (एका काल्पनिक प्रयोगाची आकृती) काढली होती, असे सांगितले जाते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचे निधन झाले. त्यामुळे १९१३ च्या अणुप्रतिकृतीपुढची कहाणी त्यांच्या तोंडून फारशी नोंदली गेली नाही. जे नोंदले गेले त्यावर मात्र पुढे पुष्कळ चर्चा झाली.

मुद्दा असा. वर्णपटाचा, म्हणजे मूलद्रव्याच्या प्रकाशात दिसणाऱ्या रंगरेषांचा, अणूच्या रचनेशी संबंध जोडावा हे आपल्या मनात आधी नव्हते, असे बोर यांनी या बैठकांत सांगितले. फुलपाखराच्या पंखावरचे रंग कितीही सुबक असले तरी त्यांतून जीवशास्त्राचा पाया हाती येईल असे कोणी मानत नाही, वर्णपटाकडेही तसेच पाहिले जाई, अशी उपमा त्यांनी दिली. ग्यॉटिंगेनहून परतलेले एच. एम. हान्सेन यांनी ‘तुझी प्रतिकृती वर्णरेषांविषयी काय सांगते?’ असे विचारले, तेव्हा आपण हायड्रोजनच्या वर्णरेषांविषयीचे बाल्मर यांचे सूत्र पाहिले आणि सारे उलगडले, अशी त्यांची आठवण. पत्रांशी ताडता ही आठवण मोठ्या प्रमाणात टिकते. ३१ जानेवारी १९१३ च्या पत्रात बोर रदरफर्ड यांना कळवतात की दृश्य वर्णपटातील रेषांच्या कंप्रता काढण्याचा प्रश्न आपण हाताळत नाही; ६ मार्चला पाठवलेल्या हस्तलिखितात बाल्मर सूत्राची उपपत्ती तयार आहे. मधले अंतर पाच आठवड्यांहून कमी. म्हणजे उलगडा एकाएकी झाला, ही गोष्ट खरी दिसते.

दोन बाबतींत मात्र अडचण येते. बाल्मर यांचे सूत्र १८८५ चे. ते बोर यांच्या नजरेखालून आधी कधीच गेले नसेल हे पटण्यासारखे नाही. विद्यार्थिदशेत पाहिले आणि विसरले, असा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. दुसरी बाब जे. डब्ल्यू. निकल्सन यांची. सूर्याच्या प्रभामंडलातील वर्णरेषांवरून त्यांनी अणूची एक प्रतिकृती मांडली होती, आणि नंतरच्या आठवणींत बोर तिला फारसे महत्त्व देत नाहीत. परंतु डिसेंबर १९१२ मध्ये भाऊ हाराल्ड यांना पाठवलेल्या नाताळाच्या शुभेच्छापत्रात, हा काही अशा पत्राचा विषय नव्हे असे म्हणत, निकल्सन यांचा सिद्धांत आपल्या सिद्धांताशी विसंगत नाही असे त्यांनी आवर्जून लिहिले आहे. हाइलब्रन व कून यांनी १९६९ च्या निबंधात निकल्सन यांच्या प्रभावाला ठळक स्थान दिले. शुभेच्छापत्र त्या वेळचे आहे आणि आठवण पन्नास वर्षांनंतरची. त्यामुळे हे मत अधिक ग्राह्य वाटते.

याहून गुंतागुंतीचा वाद आइन्स्टाइन यांच्याविषयीचा. ईथरमधून (प्रकाशाचे वाहक म्हणून तेव्हा कल्पिलेल्या माध्यमातून) जाणाऱ्या पृथ्वीचा वेग मोजण्यासाठी मायकेलसन व मोर्ले यांनी १८८७ मध्ये केलेला प्रयोग आइन्स्टाइन यांना १९०५ पूर्वी ठाऊक होता काय, हा प्रश्न. पाठ्यपुस्तके या प्रयोगातूनच सापेक्षता जन्माला आल्याचे दीर्घकाळ शिकवत आली. भौतिकीविद आर. एस. शँकलंड यांनी १९५० ते १९५४ या काळात प्रिन्स्टनला जाऊन आइन्स्टाइन यांच्या भेटी घेतल्या. फेब्रुवारी १९५० मध्ये आइन्स्टाइन म्हणाले की हा प्रयोग लोरेन्ट्स यांच्या लेखनातून कळला, पण १९०५ नंतरच. नाहीतर आपण निबंधात त्याचा उल्लेख केला असता. आपल्यावर परिणाम झाला तो पृथ्वीच्या गतीमुळे ताऱ्यांच्या जागा सरकलेल्या दिसण्याचा आणि वाहत्या पाण्यातील प्रकाशाच्या वेगाविषयीच्या फिझो यांच्या प्रयोगाचा, असेही त्यांनी सांगितले. ऑक्टोबर १९५२ मध्ये त्याच शँकलंड यांना त्यांनी सांगितले की प्रयोगाविषयी प्रथम कधी ऐकले हे सांगणे सोपे नाही. १९५४ च्या एका पत्रात तर, पहिला निबंध लिहिताना तो आपल्याला माहीत होता की नाही हेच आठवत नाही, अशी कबुली आहे.

याउलट १४ डिसेंबर १९२२ रोजी क्योतो येथे दिलेल्या भाषणात या प्रयोगाचा उल्लेख विद्यार्थिदशेच्या संदर्भात येतो. भाषण जर्मनमध्ये झाले. जून इशिवारा यांनी त्याची टिपणे घेऊन ती जपानीत प्रसिद्ध केली. त्या जपानीची इंग्रजी भाषांतरे १९७९ पासून होत गेली आणि नेमक्या याच वाक्याच्या भाषांतरावर मतभेद आहेत. बोललेले जर्मन, लिहिलेले जपानी आणि वाचले जाणारे इंग्रजी अशा तीन चाळण्यांतून आलेल्या वाक्यावर फार भार टाकता येत नाही. जेरल्ड होल्टन यांनी १९६९ मध्ये, हा प्रयोग सापेक्षतेच्या उगमाशी फारसा निगडित नव्हता, असे साधार मांडले. पुढे १९८७ मध्ये आइन्स्टाइन यांची तरुणपणची पत्रे प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १८९९ च्या एका पत्रावरून त्यांनी भौतिकीविद व्हीन यांचा एक निबंध वाचल्याचे दिसते, आणि त्या निबंधात मायकेलसन-मोर्ले प्रयोगाची नोंद आहे. तेव्हा प्रयोग ठाऊक असावा, पण निर्णायक नसावा, हा मध्यममार्ग आज बहुधा स्वीकारला जातो. क्योतोच्या भाषणातील दुसरा भाग तुलनेने निर्विवाद आहे: बर्नमध्ये एका स्वच्छ दिवशी आपण एका मित्राकडे जाऊन सारी अडचण त्याच्यापुढे मांडली, दुसऱ्या दिवशी त्याला ‘प्रश्न सुटला’ असे सांगितले, आणि पाच आठवड्यांत सिद्धांत पूर्ण झाला. हा मित्र म्हणजे मिकेले बेस्सो असे मानतात. १९०५ च्या निबंधाच्या अखेरीस आभार मानले आहेत ते एकट्या बेस्सो यांचेच.

शँकलंड यांनी भेटींची टिपणे लिहिली होती, ध्वनिफीत नव्हती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. कून यांच्याकडे ध्वनिमुद्रण यंत्र होते, तरी त्यांचीही निराशा झाली. नेमके कोणत्या आठवड्यात काय सुचले असे विचारल्यावर अनेक भौतिकीविदांना ते आठवत नसे, आणि ते का आठवावे हेही उमगत नसे.

अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सने १९६२ मध्ये नील्स बोर ग्रंथालय आणि १९६५ मध्ये भौतिकीच्या इतिहासाचे केंद्र स्थापन करून हे काम नित्याचे केले. तेथील संग्रह आता एक हजाराहून अधिक मुलाखतींचा आहे. केंद्राचे चार्ल्स वाइनर रिचर्ड फाइनमन यांच्याशी बोलत असताना त्यांनी फाइनमन यांच्या जुन्या कागदांना दैनंदिन कामाची नोंद म्हटले. फाइनमन यांनी तेथेच हरकत घेतली: काम डोक्यात होऊन नंतर कागदावर उतरत नाही, काम कागदावरच होते, आणि हे कागद म्हणजेच ते काम. कागदपत्र जपणाऱ्यांना हा प्रसंग विशेष प्रिय आहे. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांची मुलाखत स्पेन्सर वर्ट यांनी १९७७ मध्ये घेतली. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत एडिंग्टन यांनी चंद्रशेखर यांच्या श्वेतबटू ताऱ्यांविषयीच्या सिद्धांताला केलेल्या जाहीर विरोधाच्या अभ्यासासाठी ती महत्त्वाची आहे. ती नोबेल पारितोषिकापूर्वी सहा वर्षे घेतली गेली हे बरे झाले. पारितोषिकानंतर सांगितलेल्या आठवणींना विजयाचा रंग चढतो. शिवाय १९३५ च्या सभेतील चर्चा तेव्हाच छापली गेल्याने येथे ताडून पाहण्याची सोय आहे.

१९७० नंतर समाजशास्त्रज्ञ या क्षेत्रात आले आणि प्रश्नच बदलला. शोध कधी लागला याऐवजी शास्त्रज्ञ त्याविषयी कसे बोलतात, हे पाहिले जाऊ लागले. निगेल गिल्बर्ट व मायकेल मल्के यांनी ऑक्सिडीकारक फॉस्फोरिलीकरणावर (पेशी ऊर्जा कशी साठवते त्या प्रक्रियेवर) काम करणाऱ्या जीवरसायनशास्त्रज्ञांच्या मुलाखती घेऊन १९८४ मध्ये निष्कर्ष मांडले. पीटर मिचेल यांचा रसायनी-तर्षण (केमिऑस्मोटिक) सिद्धांत (१९६१, नोबेल १९७८) हे त्या वादाचे केंद्र. स्वतःचे मत बरोबर का, तर पुरावा तसा आहे म्हणून. प्रतिस्पर्ध्याचे चुकले का, तर तो हट्टी, पूर्वग्रहदूषित किंवा कुठल्यातरी गटाचा म्हणून, अशी उत्तरे त्यांना दोन्ही बाजूंकडून मिळाली. मराठीत याला ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ म्हणतात.

समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांचे काम अधिक ठोस आहे. सामान्य वातावरणीय दाबावर चालणारा कार्बन डायऑक्साइड लेसर बनवणाऱ्या ब्रिटिश प्रयोगशाळांत जाऊन ते लोकांशी बोलले. केवळ छापील माहितीवरून तो कोणालाच चालू करता आला नव्हता. ज्याने बनवला त्याच्याकडे जाणेयेणे असावे लागे, असे त्यांना १९७४ पर्यंत आढळले. एका बाबतीत धारित्रापासून (कपॅसिटर) विद्युत् अग्रापर्यंतची (इलेक्ट्रोड) तार आखूड असणे आवश्यक होते, आणि त्यासाठी जड धारित्र उलटे टांगावे लागे. हे कोणी लिहिले नव्हते. पुढे त्यांनी मॉस्को व ग्लासगो येथील चमूंचा अभ्यास केला. नीलमणी टांगून त्याची कंपने किती वेळ टिकतात हे मोजायचे असे. मॉस्कोचे आकडे पाश्चात्त्यांना सुमारे वीस वर्षे मिळत नव्हते. रशियन शास्त्रज्ञ ग्लासगोत प्रत्यक्ष काम करू लागले तेव्हा दिसले, की टांगण्याचा रेशमी धागा ते नाकाच्या दांड्यावरून किंवा कानामागून ओढून घेत. तेवढा तेलकटपणा धाग्याला पुरे. बाजारातले ग्रीस जास्त होई. गुरुत्वीय तरंगांच्या शोधयंत्रांतील आरशांसाठी ही मोजणी हवी होती. लायगो या अमेरिकेतील शोधयंत्राने अखेर नीलमण्याऐवजी सिलिका काच वापरली.

भारतात हे काम उशिरा सुरू झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे (स्थापना १९४५) अभिलेखागार उभारताना इंदिरा चौधरी यांनी संस्थेतील जुन्या मंडळींच्या मुलाखतींना कागदपत्रांइतकेच स्थान दिले. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे अभिलेखागार २०१९ मध्ये खुले झाले. मराठीत या प्रकारची सामग्री मुख्यतः आत्मचरित्रांत सापडते. जयंत नारळीकर यांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ (साहित्य अकादेमी पुरस्कार, २०१४) मध्ये केंब्रिज येथील खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉएल यांच्यासोबतच्या कामाच्या आठवणी आहेत. आत्मचरित्राला समोरून प्रश्न विचारणारा नसतो, त्यामुळे ते या नोंदीच्या कडेलाच राहते.