तुमच्या मजकुरातलं ‘हॅव’ आम्ही का काढतो
बायोडेटा, अर्ज, अनुभवपत्र आणि परदेशी जाण्याचे कागद आमच्याकडून इंग्रजीत करून घेणाऱ्यांसाठी

काम घेऊन गेल्यावर दोन दिवसांत फोन येतो. “सगळं छान झालंय, पण पहिल्याच ओळीत हॅव घालायचं राहिलंय.” असे फोन आठवड्याला चार-पाच तरी असतात, आणि त्यांचं आम्हाला काही वाटत नाही, कारण फोन केला की दोन मिनिटांत उलगडा होतो. त्रास होतो तो फोन न करणाऱ्यांचा. ते घरीच फाइल उघडतात, आम्ही काढलेलं ‘हॅव’ परत घालतात आणि पत्र पुढे पाठवून देतात. मग कंपनीतून किंवा व्हिसाचं काम पाहणाऱ्या सल्लागाराकडून कागद परत येतो. पत्र पुन्हा तपासा, लेटरहेडवर पुन्हा छापा, साहेबांची सही पुन्हा घ्या. यात तुमचे आठ-पंधरा दिवस सहज जातात. ते वाचावेत म्हणून हा कागद तुमच्या पाकिटात घातला आहे.

आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा येणारं वाक्य असं असतं: “आय हॅव कम्प्लीटेड माय बी. ई. इन २०१६.” लिहिणारा इंजिनिअर असतो, इंग्रजी बऱ्यापैकी बोलतो, आणि तरी हे वाक्य चुकलेलं आहे. चूक ‘कम्प्लीटेड’मध्ये नाही, शेवटच्या ‘इन २०१६’मुळे आहे. होऊन गेलेली वेळ वाक्यात सांगितली की इंग्रजीत ‘हॅव’ चालत नाही. मग ती वेळ ‘इन २०१६’ असो, ‘लास्ट मंथ’ असो, ‘येस्टरडे’ असो, ‘टू इयर्स अगो’ असो, नाहीतर ‘व्हेन आय वॉज इन कॉलेज’ असो. तिथे साधा भूतकाळच हवा: “आय कम्प्लीटेड माय बी. ई. इन २०१६.” साल काढून टाकलं तर मात्र “आय हॅव कम्प्लीटेड माय बी. ई.” अगदी बरोबर आहे. साल ठेवायचं तर हॅव जाणार, हॅव ठेवायचं तर साल जाणार. बायोडेटात साल लागतंच, म्हणून आम्ही हॅव काढतो.

ही सवय शाळेपासूनची आहे. ‘ला आहे, ली आहे, ले आहे’ दिसलं की हॅव किंवा हॅज लावायचं, हे आपण सगळे घोकून मोठे झालो. परीक्षेतल्या सुट्या वाक्यांना ते पुरतं, कारण त्या वाक्यांत साल-तारीख नसते. पण मराठीत “मी २०१६ साली बी. ई. केलं आहे” हे वाक्य कुणाच्याही कानाला खटकत नाही. आपल्या ‘आहे’ला शेजारी साल आलेलं चालतं, इंग्रजीतल्या ‘हॅव’ला चालत नाही.

उलट बाजूनंही पाहा. स्टॉपवर उभे असताना बस वळणावर दिसली की आपण “बस आली!” म्हणतो. ती अजून आलेलीही नसते. घरात कुणी “जेवलास का?” विचारतं. दोन्हीकडे मराठीत साधा भूतकाळ आहे, ‘आहे’चा पत्ता नाही. पण जेवणाचा प्रश्न इंग्रजीत विचारताना “हॅव यू ईटन?” असं हॅव येतं, कारण विचारणाऱ्याला आत्ता ताट वाढायचं की नाही ते हवं असतं. तेव्हा मराठीतले ‘आहे’ मोजून इंग्रजीचा काळ ठरत नाही. मागे एका ठरलेल्या वेळी घडून मिटलेली गोष्ट सांगायची आहे, की जिचा धागा आजपर्यंत पोचतो ती, हे बघावं लागतं. म्हणूनच ईमेलमध्ये “आय हॅव अटॅच्ड माय रेझ्युमे” आम्ही तसंच ठेवतो. जोडलेली फाइल वाचणाऱ्याच्या समोर आत्ता आहे.

पदवीच्या ओळीतलं हॅव राहिलं तर भाषा कच्ची दिसते, एवढंच. अनुभवपत्रात काळ चुकला तर अर्थच बदलतो, आणि खरं नुकसान तिथे होतं. “आय वर्क्ड इन धिस कंपनी फॉर सिक्स इयर्स” असं लिहिलं की वाचणारा समजतो, नोकरी सोडली. “आय हॅव वर्क्ड इन धिस कंपनी फॉर सिक्स इयर्स” वाचलं की तो समजतो, माणूस अजून तिथेच आहे. मराठीत दोन्हींसाठी आपण बिनदिक्कत “या कंपनीत सहा वर्षं काम केलं आहे” म्हणतो आणि पुढचं समोरच्याला बोलण्यातून कळतं. कागदावरून ते कळत नाही.

आमच्या एका ग्राहकाचं उदाहरण सांगतो. पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात तपासणीचं काम, कॅनडाच्या कायम रहिवासाचा अर्ज. त्या अर्जासाठी कंपनीच्या लेटरहेडवर पद, कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, पगार आणि कामावर असल्याच्या तारखा असं सगळं लिहिलेलं पत्र लागतं. आम्ही “हॅज बीन वर्किंग विथ अस सिन्स जून २०१७” असं लिहून दिलं होतं. कंपनीत टाइप करणाऱ्याला ‘हॅज बीन’ जड वाटलं म्हणून त्यानं ‘वर्क्ड’ केलं. अर्जात “नोकरी चालू” आणि पत्रात नोकरी संपलेली. सल्लागारानं ते वेळीच पकडलं म्हणून निभावलं, पण नवीन पत्रावर सही मिळायला तीन आठवडे गेले.

याच्याच शेजारची दुसरी चूक म्हणजे “आय ॲम वर्किंग हिअर सिन्स सिक्स इयर्स.” एका ओळीत दोन चुका आहेत आणि दोन्ही मराठीतून सरळ उतरल्या आहेत. “काम करतो आहे” म्हणून ‘ॲम वर्किंग’ आलं. पण मागे सुरू होऊन आजही चालू असलेल्या कामाला इंग्रजीत ‘हॅव बीन वर्किंग’ लागतं. आणि आपल्याला “२०१९ पासून” आणि “सहा वर्षांपासून” या दोन्हींना एकच ‘पासून’ पुरतं, तर इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायला ‘सिन्स’ आणि किती काळ ते सांगायला ‘फॉर’. म्हणजे सिन्स २०१९, पण फॉर सिक्स इयर्स.

मागच्या वर्षी शिक्षणासाठी बाहेर जाणाऱ्या एका मुलीचं निवेदन आमच्याकडे आलं. त्यात “माय फादर हॅज सर्व्ह्ड इन द रेल्वेज फॉर थर्टी इयर्स” असं होतं. वडील अजून नोकरीत आहेत का, असं आम्ही फोन करून विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ते तीन वर्षांपूर्वी गेले. आम्ही ‘हॅज’ काढलं, फक्त ‘सर्व्ह्ड’ ठेवलं. ‘हॅज’ राहिलं असतं तर ते पत्र वाचणाऱ्यानं वडील हयात आहेत, कदाचित अजून कामावर आहेत, असंच धरलं असतं, आणि पुढे घरच्या उत्पन्नाच्या कागदांशी ते जुळलं नसतं.

आता आमच्या चौकशीबद्दल. काम घेताना आम्ही एक छोटा तक्ता भरून घेतो: केव्हापासून, केव्हापर्यंत, अजून चालू आहे का. काही जणांना तो आवडत नाही. “तुम्ही नुसतं इंग्रजी करा, बाकीचं कशाला?” असं तोंडावर म्हणणारेही भेटले आहेत. त्यांचा राग आम्ही समजू शकतो, पण तक्ता सोडणार नाही. “मी बँकेत काम केलं आहे” एवढ्यावरून नोकरी सुटली की चालू आहे हे कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय इंग्रजीत ही ओळ नीट लिहिता येत नाही. व्हॉट्सॲपवर हस्तलिखिताचा फोटो आला आणि त्यावर तारखा नसल्या तर आम्ही काम सुरूच करत नाही, त्याचं कारण हे आहे. मोबाइलवरच्या भाषांतरातून मजकूर काढून आणणारेही आता पुष्कळ आहेत. अशा मजकुराची इंग्रजी पुष्कळदा चांगली असते, पण तुम्ही न लिहिलेली तारीख त्यात कुठून येणार? आम्ही फोन करून ती विचारतो, आणि आमच्या दरात तो फोन धरलेला आहे.

तक्त्यात परदेश प्रवासाचीही ओळ आहे. भाऊ “कॅनडाला गेलाय” आणि भाऊ “कॅनडाला जाऊन आलाय”, हा फरक मराठीत आपण चोख पाळतो. इंग्रजीत गेलाय म्हणजे ‘हॅज गॉन टू कॅनडा’, तो अजून तिथेच आहे. जाऊन आलाय म्हणजे ‘हॅज बीन टू कॅनडा’, परत आलेला आहे. कुठल्या साली गेला ते लिहायचं असेल तर पुन्हा साधा भूतकाळ: “ही व्हिजिटेड कॅनडा इन २०१८.” पुष्कळ जण दोन्हींना ‘हॅज गॉन’ लिहितात आणि घरी बसलेला भाऊ कागदावर परदेशात राहतो.

‘होतो’चंही तसंच. “काल मी तुमच्या ऑफिसला आलो होतो” याचं “आय हॅड कम” करू नका. “आय केम टू युअर ऑफिस येस्टरडे” पुरे. ‘हॅड’ लागतं ते भूतकाळातल्या एका गोष्टीच्याही आधी घडलेलं सांगताना. साध्या अर्जात तशी वेळ क्वचितच येते.

‘धिस मॉर्निंग’वरून वाद होतात, म्हणून तेही सांगतो. सकाळी अकराला मेल लिहीत असाल तर “हॅव यू रिसीव्ह्ड एनी रिप्लाय धिस मॉर्निंग?” बरोबर, कारण सकाळ चालू आहे. तोच प्रश्न दुपारी चारला विचारायचा तर “डिड यू रिसीव्ह”. ‘टुडे’ मात्र दिवस संपेपर्यंत चालू असतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आमचा मजकूर वाचून “इथे असं कुणी बोलत नाही” म्हटल्याचंही काही जण सांगतात. ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘येट’ असलेल्या वाक्यांत ते खरं आहे. ब्रिटिश “हॅव यू ईटन येट?” विचारतील, तर अमेरिकन पुष्कळदा “डिड यू ईट येट?” विचारतात. कागद कुठल्या देशात जाणार ते आम्हाला आधी सांगितलंत तर आम्ही त्याप्रमाणे लिहितो. पण ‘इन २०१६’शेजारी ‘हॅव’ अमेरिकेतही चालत नाही.

आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. लेखनाच्या गुणांचे चार निकष आहेत, चौघांचं वजन सारखं, आणि त्यांतला एक व्याकरणाचा आहे. ॲकॅडमिक परीक्षेच्या पहिल्या प्रश्नात आलेख आला तर आधी खालची सालं बघा. २००० ते २०१० असेल तर ‘रोज’ (वाढलं), ‘फेल’ (घटलं), ‘इन्क्रीज्ड’ असा साधा भूतकाळ. २०१० पासून आजवर असेल तर ‘हॅज रिझन’, ‘हॅज फॉलन’. सरावाचे निबंध आम्ही तपासून देतो, आणि काळाच्या चुका वेगळ्या शाईनं दाखवतो, म्हणजे आपली सवय कुठे आडवी येते ते दिसतं.

आमच्या मजकुरात हॅव नाही असं वाटलं तर आधी त्या ओळीत साल, तारीख, महिना किंवा ‘अगो’ आहे का ते पाहा. असेल तर आम्ही ते जाणूनबुजून काढलं आहे. नसेल आणि तरी शंका असेल, तर फोन करा. आमचंही कधी चुकतं, आणि ते आम्ही लगेच दुरुस्त करून देतो. पंधरा दिवसांतल्या दुरुस्तीचे पैसे घेत नाही. तुम्ही किंवा कंपनीनं मजकूर बदलला असेल तर काय बदललं ते सांगा, म्हणजे सगळं पत्र नव्यानं तपासावं लागत नाही. आणि लेटरहेडवर छापण्याआधी, सहीसाठी आत पाठवण्याआधी, शेवटची फाइल एकदा व्हॉट्सॲपवर टाका. ती आम्ही त्याच दिवशी, विनाशुल्क पाहून देतो.